घरच्या छापाची पक्कड

महादेव कोरवीनं काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक पक्कड, नुसतं लोखंड. आणि तिच्या शेजारी तिच्या दांड्यांवरचं निळं कव्हर, सापानं कात टाकावी तसं अख्खं निघालेलं. त्याच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी गुंडाळलेली होती.

"बाई, ही गेली," तो म्हणाला. "दुसरी द्या."

"हाताला काय झालं?"

"काय न्हाई. जरा शॉक बसला."

"जरा?"

"स्टुलावरनं पडलो. खाली सुताची पोती हुती म्हणून बरं."

मी ते निळं कव्हर उचललं. आतून ते अजून गुळगुळीत होतं, कुठं चिकटल्याची खूण नव्हती. त्याच्या तळहाताला घाम आला, त्यानं तार पिळायला जोर लावला, कव्हर सरकलं आणि अंगठा लोखंडाला लागला. सांगायला त्यानं एवढंच सांगितलं.

"दुसरी कुठली देऊ?" मी विचारलं.

"हीच की. घरची."

मी कपाटातली चांगल्या कंपनीची पक्कड काढून त्याच्यासमोर ठेवली. त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"बाई, ती तुमच्या कपाटातच शोभती. आमच्यासारख्याला हीच परवडती."

आमचं गाव यंत्रमागांचं. घरोघरी मागांच्या विजेच्या मोटारी, त्यामुळं गल्लोगल्ली वायरमन. आमच्या ग्राहक भांडारात मी हत्यारांचा विभाग सांभाळत असे. माझे वडील मागाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात फिटर होते. त्यांच्या हाताखाली लहानपणापासून कानशी चालवल्यामुळं पान्हे, हातोड्या, कानशी मला साबणाच्या वड्यांइतक्या ओळखीच्या होत्या. तरी बाईला हत्यारांच्या काउंटरवर बसवायला कुणी तयार नव्हतं. चेअरमन रावसाहेब नरंदे यांनी बसवलं. "गिऱ्हाईक हसेल दोन दिवस, तिसऱ्या दिवशी सल्ला विचारेल," असं ते तेव्हा म्हणाले होते आणि झालंही तसंच.

भांडाराचा स्वतःचा छाप काढायची कल्पनाही त्यांचीच. नाव ठेवलं 'घरचं'. आधी घरची हळद आली, मग घरचा साबण, मग घरचा चहा. पेठेतल्या व्यापाऱ्यांचे भाव त्यामुळं खरोखर खाली आले. बायका रावसाहेबांना दुवा देत. त्या वर्षी घरची हत्यारं आली : हातोडी, पान्हे, स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड. उत्तरेकडच्या कुठल्याशा कारखान्यातून खोकी यायची आणि इथं त्यांना आमची पाकिटं चढायची. पकडीच्या पाकिटावर विजेचा लाल बाण छापलेला होता, खाली 'विजेच्या कामासाठी सुरक्षित' अशी ओळ.

मी कोरवीला पक्कड दिली नाही. "चार दिवस थांबा," म्हटलं.

"चार दिवस काय खाऊ?" तो म्हणाला, आणि डाव्या हातानं आपली पक्कड उचलून निघून गेला. कव्हर तेवढं माझ्याकडंच राहिलं.

फर्जाना मुल्लाणी माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रिकल शिकवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी खोक्यातल्या काही पकडी पिशवीत घालून मी तिच्याकडं गेले. तिच्या लॅबमध्ये कव्हरातून वीज गळते का ते दाखवणारं यंत्र होतं. कव्हर चांगलं असेल तर त्याची सुई एका टोकाला राहते, वाईट असेल तर दुसऱ्या टोकाला जाऊन आपटते. फर्जानानं एकेक पक्कड लावली. एक-दोन पकडींना सुई जागेवर राहिली. बाकीच्यांना आपटली.

"कव्हर सरकायचीसुद्धा गरज नाही गं," ती म्हणाली. "दांडे जिथं फाकतात ना, तिथं ते कागदासारखं पातळ आहे."

मग तिनं एका पकडीनं जाड तार कापली, पुन्हा कापली, दात डोळ्यांजवळ धरून बघितले.

"पण लोखंड मात्र बरं आहे. खोटं बोलायला नको."

त्या वेळी मला तिचा रागच आला. मला सगळंच वाईट हवं होतं. सगळंच वाईट असलं की बोलायला सोपं जातं.

रावसाहेबांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या केबिनमध्ये मी टेबलावर पक्कड ठेवली आणि म्हटलं, "साहेब, जरा हातात धरून पिळून बघा."

"मला त्यातलं काय कळतंय? तुम्ही सांगताय ते खरंच असणार." त्यांनी पकडीला हात लावला नाही. "किती खपल्या?"

"पुष्कळ. गणपतीच्या रोषणाईला बऱ्याच गेल्या. आता नवरात्र आलंय. पोरं खांबांवर चढतील. आजच बंद करा."

"भांडाराची वार्षिक सभा झाली की करतो."

"सभेला अजून वेळ आहे."

त्यांनी चष्मा काढला. "मगदूमबाई, निवडणूक तोंडावर आहे. विरोधी पॅनेलचा उपाध्ये वकील टपून बसलाय. आज पक्कड वाईट म्हटलं, तर उद्या तो म्हणेल हळद वाईट, चहा वाईट. घरचं बुडालं की पेठेतले व्यापारी परत मान पकडतील. कुणाची पकडतील? तुमच्या त्या वायरमनचीच ना? थोडं पुढचं बघा."

ते खोटं बोलत नव्हते, आणि मला नेमकं तेच जड गेलं. लबाड माणसाशी भांडता येतं. इथं समोरचा माणूस मला नोकरी देणारा होता, गावाचं भलं केलेला होता. माझ्या घरचे माग बंद पडून वर्ष झालं होतं आणि माझ्या पगारावरच चूल पेटत होती. हे सगळं त्यांना माहीत होतं. त्यांनी त्यातलं काही बोलून दाखवलं नाही, हेही इथं सांगायला हवं.

"मग मी ती विकणार नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"माझ्या काउंटरवरून ती पक्कड जाणार नाही. कुणी मागितली तर का नाही, ते सांगेन."

रावसाहेबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "उद्यापासून तुम्ही साबणाकडं बसा."

साबणाच्या काउंटरवरून हत्यारांचा काउंटर सरळ दिसायचा. तिथं बसवलेला नवा माणूस पकडी विकत होता. ज्याच्या हातात निळी पक्कड दिसे, त्याला मी जाता जाता गाठे. "घरी गेल्यावर हाताला साबण लावून एकदा ओढून बघा," एवढंच सांगे. काही हसले. काही दुसऱ्या दिवशी परत घेऊन आले. व्यवस्थापकांनी मला समज दिली. मी साबण विकतेय आणि साबणाचा उपयोग सांगतेय, असं मी त्यांना म्हटलं.

ही बातमी उपाध्ये वकिलांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी ते घरी आले. अंगावर सफारी, आवाज मऊ.

"ताई, तुमच्यासारख्या माणसाला साबणाला बसवलं, वाईट वाटलं. सभेत तुम्ही बोला. आम्ही मागं आहोत."

"काय बोलू?"

"जे आहे तेच. घरच्या नावाखाली सगळा कचरा विकतात. हातोडी, पान्हे, सगळा कचरा. तुमच्या तोंडून आलं की लोक ऐकतील. आमचं पॅनेल आलं की हत्यारं काय, सगळं भांडार तुम्ही बघा."

"पक्कड मी तपासलीय. बाकीचं तपासलं नाही."

ते हसले. "तपासायचं काय त्यात? भावावरूनच कळतं की."

ते गेल्यावर मला माझाच राग आला, कारण मलाही तसंच वाटत होतं. ती हातोडी मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. भडक लाल रंग, ओबडधोबड दांडा, हातात घेतली की हलकी वाटे. वडील म्हणत, हातोडी वजनावरून ओळखावी. पण मी ती कधी आपटून बघितली नव्हती.

रविवारी फर्जानाला बोलावलं. आमच्या बंद मागाच्या शेडमध्ये वडिलांचा जुना व्हाइस, वस्तू जबड्यात घट्ट धरणारा, अजून बाकाला बसवलेला होता. सकाळपासून आम्ही हत्यारांच्या मागं लागलो. गंजलेल्या नटांना पान्हे लावले, पान्ह्याच्या दांड्यावर पाइप चढवून लोंबकळलो. पान्ह्याचं तोंड फाकलं नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक वाकलं नाही. मग मी हातोडी घेतली आणि व्हाइसमधल्या छिन्नीवर घालायला लागले. तोंडाचा टवका उडेल, डोकं दांड्यावरून निसटेल, याची मी वाटच बघत होते. हात भरून आले तेव्हा फर्जानानं घेतली. ती दमली तेव्हा परत मी.

हातोडीला काही झालं नाही. नुसता लाल रंग उडाला.

शेजारी मी वडिलांच्या काळापासून चालत आलेल्या नामवंत कंपनीची नवी हातोडी आणून ठेवली होती. तिचा दांडा तेवढ्यात हलायला लागला होता.

"आता?" फर्जानानं विचारलं. तिचा चेहरा घामानं लाल झाला होता. "वकिलाला हे आवडायचं नाही."

"कुणालाच आवडायचं नाही," मी म्हटलं.

सभा मंगल कार्यालयात होती. व्यासपीठावर संचालक मंडळ, समोर खुर्च्या भरून सभासद, मागं उभे राहिलेले. एकेक विषय वाचला जाई आणि पुढच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' होई. आयत्या वेळचे विषय आले तेव्हा मी पिशवी घेऊन उठले.

व्यवस्थापक लगेच म्हणाले, "नोकरांनी सभेत बोलायचं नसतं, मगदूमबाई. खाली बसा."

"मी भांडाराची सभासद आहे. माझा शेअर आहे. सभासद म्हणून उभी आहे."

"बोलू द्या त्यांना," मागून उपाध्ये वकिलांचा आवाज आला, आणि त्यांच्या बाजूच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रावसाहेबांनी हातानं खूण केली. बोला.

मी पिशवीतल्या निळ्या पकडी काढून पुढच्या रांगेत वाटल्या. सप्टेंबरचा उकाडा होता, हात सगळ्यांचेच घामेजलेले. "दांडे घट्ट धरा आणि पिळा," म्हटलं. आधी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात कव्हर सुटून आलं. मग त्यांच्या पलीकडच्या बाईंच्या. हॉलमध्ये हशा पिकला, आणि ज्यांच्या घरात वायरमन होते त्यांचा हशा लगेच थांबला. फर्जानाही सभासद होती; ती उठली आणि लॅबमध्ये काय दिसलं ते तिनं शिकवते तशा स्वच्छ आवाजात सांगितलं. उपाध्यांचे लोक ओरडायला लागले, "घरचं बंद करा. सगळा कचरा आहे."

"सगळा नाही," मी म्हटलं.

गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. मी लाल रंग उडालेली हातोडी काढली आणि समोरच्या दगडी पायरीवर दणका घातला. मग सगळे गप्प झाले.

"ही पण घरचीच आहे. मला वाटलं होतं ही पहिल्या दणक्याला फुटेल. मी चुकले. पेठेत मिळणाऱ्या भारी कंपनीच्या हातोडीपेक्षा ही चांगली निघाली. पान्हे चांगले आहेत. स्क्रूड्रायव्हर चांगला आहे. पकडीचं लोखंडसुद्धा चांगलं आहे. वाईट आहे ते हे निळं कव्हर आणि त्याच्यावरचा लाल बाण. तेवढंच वाईट आहे, आणि ते माणूस मारेल."

उपाध्ये वकील खुर्चीवरून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले. मग मऊ आवाजात म्हणाले, "ताई घाबरलेल्या दिसतात. नोकरीचा प्रश्न आहे. आपण समजू शकतो."

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "माझ्या घरी येऊन तुम्ही जे बोललात, ते इथं सांगू का?"

ते बसले.

व्यासपीठावरून एक संचालक म्हणाले, "मग पक्कड बंद करायची. ठराव मांडा, विषय संपला."

तेवढ्यात मागच्या भिंतीजवळून आवाज आला, "बंद करू नका."

महादेव कोरवी होता. हाताची पट्टी सुटली होती, पण बोटं अजून काळवंडलेली. तो सभासद आहे हेही मला माहीत नव्हतं. वाटलं, याला रावसाहेबांच्या लोकांनी उभा केला असणार. नाहीतर त्याला पक्कड दिली नाही, याचाच राग असेल.

"शॉक मलाच बसला," तो म्हणाला. त्याला एवढ्या लोकांसमोर बोलायची सवय नव्हती. बोलताना तो समोरच्या खुर्चीची पाठ धरून होता. "बंद केली की आमी काय वापरायचं? इथं बंद करा म्हणणाऱ्या सगळ्यांस्नी भारी पक्कड परवडती."

पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मग मरायचं का?"

"ऐका की. माझी जुनी पक्कड हुती. उघडी. दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळल्याली. तिनं मी धा-बारा वर्सं काम केलं. कधी शॉक बसला न्हाई. का? तर मला म्हाईत हुतं, ही उघडी हाय. आधी फ्यूज काढायचो, मगच तारंला हात लावायचो. ही नवी घेतली. पाकिटावर बाण बघितला, लिवल्यालं वाचलं. म्हटलं आता कशाला फ्यूज काढायचा. चालू तारंत हात घातला."

त्यानं काळवंडलेली बोटं वर करून दाखवली.

"मला उघडीच द्या," तो म्हणाला. "पण उघडी हाय म्हणून सांगून द्या."

मी इतके दिवस त्या पकडीला आत-बाहेर तपासत होते. हे मला दिसलं नव्हतं. नुसतं कव्हर सरकलं म्हणून त्याचा हात भाजला नव्हता. आमच्यावर विश्वास ठेवला म्हणून भाजला होता.

मी रावसाहेबांकडं वळले. "साहेब, ठराव असा लिहा. आहेत त्या सगळ्या पकडींची कव्हरं काढायची. पाकिटं फाडायची. उघडी पक्कड त्याहून स्वस्त विकायची आणि वर लिहायचं, विजेच्या कामासाठी नाही. विकल्या गेल्यात त्या गल्लोगल्ली सांगून परत बोलवायच्या. आणि इथून पुढं घरचं म्हणून जे काही येईल, ते संचालकांनी आपल्या हातानं वापरून बघितल्याशिवाय काउंटरवर ठेवायचं नाही."

"आणि हे सगळं केलं नाही तर?" व्यवस्थापक म्हणाले.

"तर मी उद्यापासून भांडाराच्या दारात बसेन. साबण घेऊन."

हात वर करून मतं घेतली. रावसाहेबांच्या बाजूच्यांनी आपल्या पुढाऱ्याच्या तोंडाकडं बघून हात खालीच ठेवले, उपाध्यांच्या बाजूच्यांनी हातोडीच्या रागानं. पण मधले लोक, ज्यांना दोघांशीही देणंघेणं नव्हतं, ते पुरेसे निघाले. ठराव झाला. रावसाहेबांनी त्यावर सही केली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले.

पकडी परत आल्या, सगळ्या नाही, पण बऱ्याच. निळ्या कव्हरांचा ढीग गोदामात पडून राहिला. निवडणुकीत रावसाहेब हरले. त्यांच्या लोकांनी मला बोल लावला आणि अजूनही काही घरांत मला कुणी पाणी विचारत नाही. उपाध्ये वकिलांचं पॅनेल आलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"झालं गेलं विसरू," ते म्हणाले. "हत्यारांचा विभाग परत तुमचा. फक्त हातोडीसुद्धा काढायची. घरचं हे नावच पुसायचंय. गिऱ्हाइकांनी विचारलं तर सांगायचं, माल खराब निघाला."

"हातोडी चांगली आहे."

"ते कुणाला कळतंय?"

"सभेत सगळ्यांना कळलंय."

"ताई, अहो, हट्ट कशासाठी? एक वाक्य बोलायचंय फक्त."

"तुम्हीच बोला की मग," मी म्हटलं आणि उठले. त्याच दिवशी भांडार सोडलं. घरात शिरल्यावर नवऱ्याला सांगितलं तसा तो उठून शेडचं कुलूप काढायला गेला.

दोन बंद माग भंगारात घालून त्या शेडमध्ये आम्ही हत्यारांचं दुकान काढलं. उत्तरेकडच्या त्याच कारखान्याला मी कळवलं आणि बिननावाचा माल मागवला. पकडी उघड्या. बाहेर कट्ट्यावर मागाच्या एका जुन्या मोटारीचा सांगाडा ठेवला, त्याला गंजलेले नट होते. कोणतंही हत्यार विकत घेण्याआधी त्याच्यावर वापरून बघायचं, असा नियम केला. व्यापारी हसले. फर्जाना सुट्टीच्या दिवशी येऊन बसायची आणि गिऱ्हाइकांशी वाद घालायची.

दुकान सुरू होऊन वर्ष होत आलं असेल. एके सकाळी रावसाहेब आले. पांढरं धोतर, हातात काठी, बरोबर कुणी नव्हतं. सभेनंतर आमची पहिलीच भेट. मी खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. फळीवरच्या पान्ह्यांकडं बघत राहिले.

"उपाध्येनं ठेवलं नाही तुम्हाला?"

"मीच राहिले नाही."

त्यांनी मान हलवली. मग एक पान्हा उचलला, उलटसुलट केला.

"हा चांगला आहे का?"

माझ्या तोंडावर आलं होतं की हो साहेब, घेऊन जा. मोठा माणूस होता, आणि म्हातारा झाला होता. पण मी तसं म्हटलं नाही.

"मला विचारू नका," म्हटलं. "बाहेर नट आहे. लावून बघा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावले असं मला वाटलं. मग काठी दाराला टेकवून ते बाहेर गेले, धोतर सावरत कट्ट्यापाशी उकिडवे बसले आणि पान्हा नटाला लावला. पहिल्यांदा तो चुकीच्या बाजूनं बसला. मी काही सांगितलं नाही. रस्त्यानं जाणारे थांबून बघायला लागले. आमच्या गावचे माजी चेअरमन भर बाजारात मातीत बसून जोर लावत होते, आणि मी दारात हाताची घडी घालून उभी होते.